खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : खेळाडू मैदानात परततो म्हणजे नेमके काय होते?

पायवाट (धागाकर्ती)

राफाएल नदालच्या खुब्यावर जून २०२३ मध्ये बार्सिलोनात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नांचा सूर बदलला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे धावणारे येतात, गड चढणारे येतात, नृत्य शिकणाऱ्या मुली येतात आणि दिवसभर खुर्चीत बसून जांघ धरलेले लोकही येतात. पूर्वी ‘खुब्यातही दुर्बीण घालतात का?’ असे विचारणारे आता ‘किती महिन्यांत पूर्वीसारखा होईन?’ असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यातल्या दहा मिनिटांत नीट देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि तो जिच्यात फिरतो ती कमरेच्या हाडातील वाटी. वाटीच्या काठाला लॅब्रम नावाची चिवट कड असते आणि सांध्यातील द्रव आत धरून ठेवण्यास ती मदत करते. काही जणांच्या माथ्याखाली, मांडीच्या हाडाच्या मानेपाशी, हाड जितके आत वळायला हवे तितके वळलेले नसते. त्या फुगवट्याला कॅम म्हणतात. काहींच्या वाटीचा काठच गरजेपेक्षा पुढे आलेला असतो, तो पिन्सर. गुडघा पोटाकडे घेऊन पाय आत वळवला की हाडावर हाड अडते, मध्ये लॅब्रम चिमटले जाते आणि कॅम असल्यास त्यालगतची कूर्चा (हाडावरचा गुळगुळीत थर) वाटीपासून सुटू लागते. तरुणपणी होणाऱ्या खुब्याच्या झिजेचे हे एक कारण आहे, ही मांडणी स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ठळकपणे केली. ते स्वतः सांधा उघडून, माथा वाटीबाहेर काढून शस्त्रक्रिया करीत. तेच काम लहान छिद्रांतून करण्याचे तंत्र पुढे रूढ झाले आणि अमेरिकेतील व्हेल या गावी शल्यचिकित्सक मार्क फिलिपॉन यांच्याकडे व्यावसायिक खेळाडूंची रीघ लागली. नदालच्या शस्त्रक्रियेतही फिलिपॉन होते.

आता निकालांकडे येऊ. फिलिपॉन यांनी २००७ मध्ये ४५ व्यावसायिक खेळाडूंचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४२ जण, म्हणजे ९३ टक्के, पुन्हा व्यावसायिक पातळीवर खेळले आणि जे तिघे परतू शकले नाहीत त्यांच्या सांध्यात झीज सर्वदूर पसरलेली होती. हा ९३ टक्क्यांचा आकडा जगभर फिरला. त्याच अहवालात असेही नोंदवले होते की सरासरी १.६ वर्षांनी व्यावसायिक खेळात टिकून असलेले ७८ टक्के होते. हा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. व्यावसायिक खेळाडू परततो त्यामागे त्याचा करार असतो, त्याच्याभोवती वैद्यकीय चमू असतो आणि दुखत असतानाही खेळण्याची त्याला सवय असते. त्यामुळे ‘परतला’ या नोंदीवरून सांध्याबद्दल जितके कळते तितकेच त्या माणसाच्या परिस्थितीबद्दलही कळते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१८ मध्ये हाच प्रश्न अधिक बारकाईने विचारला. खुब्याच्या अशा शस्त्रक्रियांच्या तेथील राष्ट्रीय नोंदवहीतील १८९ तरुण खेळाडूंना त्यांनी फक्त ‘खेळता का?’ एवढेच विचारले नाही, तर ‘दुखापतीपूर्वीचाच खेळ, पूर्वीच्याच पातळीवर खेळता का, आणि खेळ पूर्वीइतका चांगला होतो का?’ असे विचारले. पूर्वीचा खेळ पूर्वीच्या पातळीवर खेळणारे ५७ टक्के निघाले. आपला खेळ सर्वोत्तम होतो आहे असे सांगणारे एकूण खेळाडूंपैकी सुमारे १७ टक्केच होते. शस्त्रक्रिया तीच, आजार तोच, आणि प्रश्न बदलताच ९३ चे १७ होतात.

खेळाडू नसलेल्यांसाठी ब्रिटनमधील दोन मोठ्या चाचण्या महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘फॅशन’ चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. एका गटावर शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याला प्रत्येकाच्या गरजेनुसार आखलेला व्यायाम दिला गेला. शंभर गुणांच्या प्रश्नावलीवर वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटाचे सरासरी ५८.८ गुण झाले आणि व्यायामाच्या गटाचे ४९.७. सुरुवातीचा फरक वजा केल्यावर शस्त्रक्रियेची आघाडी ६.८ गुणांची उरली. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा किमान फरक त्या प्रश्नावलीत ६.१ गुणांचा धरतात. म्हणजे शस्त्रक्रिया सरस ठरली, पण थोडक्यात. दुसरी चाचणी २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्यात २२२ रुग्ण होते आणि आठ महिन्यांनंतर दैनंदिन हालचालींच्या गुणांत शस्त्रक्रियेचा गट १० गुणांनी पुढे होता. आपली सध्याची अवस्था समाधानकारक आहे असे म्हणता येईल, त्या गुणांपर्यंत शस्त्रक्रियेनंतर ४८ टक्के रुग्ण पोहोचले आणि व्यायामानंतर १९ टक्के.

हे शेवटचे दोन आकडे मी रुग्णांना आवर्जून सांगते. शस्त्रक्रियेने संधी अडीच पट झाली हे खरे, आणि शस्त्रक्रिया होऊनही आठ महिन्यांनी निम्म्याहून अधिक लोक समाधानकारक अवस्थेला पोहोचले नव्हते हेही खरे. सल्ला देणारा यांतला एकच अर्धा भाग सांगत असेल, तर दुसरा आपण विचारून घ्यावा.

अनुभव, शंका आणि विरोधी मते अवश्य लिहावीत.

सांजवारा

अत्यंत उपयुक्त धागा. माझे वय ३४ असून मी हौशी धावपटू आहे. अर्ध मॅरेथॉनच्या सरावात उजव्या जांघेत दुखू लागले. एमआरआयमध्ये लॅब्रमला चीर आहे आणि कॅम आहे असे लिहून आले आहे. एका शल्यचिकित्सकांनी अहवाल पाहताच शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्यांनी तीन महिने व्यायाम करून पाहा असे सांगितले. चीर आपोआप जुळत नाही असे पहिल्यांचे म्हणणे आहे. मग व्यायामात वेळ घालवणे म्हणजे नुकसान वाढवणे नव्हे काय?

पायवाट

चीर आपोआप जुळत नाही हे बरोबर आहे. तथापि, आपले दुखणे त्या चिरेमुळेच आहे हे एमआरआय सिद्ध करीत नाही. खुबा अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या प्रतिमांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला होता. त्यात ३७ टक्के खुब्यांत कॅम आढळला. खेळाडूंमध्ये ते प्रमाण सुमारे ५५ टक्के होते आणि इतरांत २३ टक्के. लॅब्रमची इजा तर ६८ टक्के खुब्यांत होती. यांतील कोणालाही दुखत नव्हते. म्हणूनच २०१६ मध्ये इंग्लंडमधील वॉरिक येथे जमलेल्या तज्ज्ञांनी असे ठरवले की तक्रार, तपासणीतील खूण आणि प्रतिमा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच या आजाराचे निदान करावे.

आपण पुढील गोष्टी करून घ्याव्यात असे मला वाटते. ओटीपोटाचा समोरून काढलेला एक्स-रे आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा फुगवटा दाखवणारा, पाय वाकवून काढलेला डन पद्धतीचा एक्स-रे हवाच. एमआरआय झाला म्हणून हे वगळले जातात, ते बरोबर नाही. सांध्यात सोनोग्राफीच्या मदतीने बधिर करणारे इंजेक्शन देऊन दुखणे काही तास थांबते का, हे पाहता येते. थांबले, तर दुखण्याचे मूळ सांध्याच्या आत असण्याची शक्यता बळावते. थांबले नाही, तर कंबर, सेक्रोइलियाक सांधा (पाठीच्या कण्याचा खालचा भाग आणि कमरेचे हाड यांतला), मांडीच्या आतील बाजूचे स्नायू, हर्निया आणि मांडीच्या हाडाच्या मानेतील ताणाचे फ्रॅक्चर (वारंवारच्या भाराने पडणारी भेग) यांचा विचार करायला हवा. धावपटूंत हे शेवटचे कारण विसरून चालत नाही, कारण त्यात धावणे चालू ठेवणे खरोखर घातक ठरू शकते.

तीन महिन्यांच्या नीट आखलेल्या व्यायामाने, फ्रॅक्चर नसल्यास, सहसा काही बिघडत नाही. मात्र ‘नीट आखलेला’ हे शब्द मनावर घ्यावेत. शेक, अल्ट्रासाऊंड आणि छापील कागदावरचे चार व्यायाम म्हणजे ती चिकित्सा नव्हे. नितंबाच्या आणि पोटाच्या स्नायूंची ताकद क्रमाक्रमाने वाढवणे, पाय खोल वाकवणाऱ्या हालचाली काही काळ टाळणे, धावण्याचे अंतर आणि पावलांची गती बदलून पाहणे, हे सर्व त्यात येते.

तिसरा_डाव

खेळाडूंच्या उदाहरणांत थोडी भर घालतो, कारण मला वाटते की आपण खेळाडूंना एकाच पारड्यात टाकत आहोत.

बेसबॉलमधील अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ याच्या उजव्या खुब्यावर फिलिपॉन यांनी मार्च २००९ मध्ये शस्त्रक्रिया केली. दोन महिन्यांनी, ८ मे रोजी, तो परतला आणि त्याने पहिल्याच चेंडूवर होम रन मारला. त्या वर्षी त्याचा यँकीज संघ विजेताही ठरला. या तंत्राला याहून मोठी जाहिरात मिळाली नसती. पण जानेवारी २०१३ मध्ये त्याच्याच डाव्या खुब्यावर न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा परतायला ऑगस्ट उजाडला.

टेनिसमध्ये चित्र अधिक खडतर आहे. ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन फ्रेंच स्पर्धा तीनदा जिंकून २००२ मध्ये नॅशव्हिलला शस्त्रक्रियेसाठी गेला. परत आला, २००४ मध्ये पॅरिसला फेडररला सरळ तीन सेटमध्ये हरवलेही. पण त्याच वर्षी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे तो पूर्वीचा कुएर्तेन राहिला नाही. अँडी मरे याची जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला शस्त्रक्रिया झाली, जूनमध्ये तो कोर्टवर आला आणि वर्षभरात त्याने जाहीरपणे सांगितले की मोजे-बूट घालतानाही दुखते. जानेवारी २०१९ मध्ये लंडनला त्याच्या सांध्यावर धातूचे आवरण बसवण्यात आले. नऊ महिन्यांत त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली आणि पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तो खेळला. म्हणजे त्याला पुन्हा विजेतेपद मिळाले ते सांध्याचा पृष्ठभाग बदलल्यावर. नदालही जानेवारी २०२४ मध्ये परतला; त्यानंतर एकेरीचे एकही विजेतेपद न मिळवता त्याच वर्षाअखेर त्याने निवृत्ती घेतली. अर्थात त्याच्या शरीरात खुब्याशिवाय इतरही बरेच काही दुखत होते.

मला जे दिसते ते असे : परतण्याचा कालावधी बातमीत येतो, पुढची तीन वर्षे बातमीत येत नाहीत.

अस्थिपंजर

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, पण खुब्याची आर्थ्रोस्कोपी, म्हणजे ही दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया, माझा मुख्य विषय नाही, त्यामुळे माझ्या मताला तेवढेच वजन द्यावे. ‘तिसरा_डाव’ यांच्या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष मला थोडा वेगळा दिसतो. या खेळाडूंच्या निकालांतील फरक शस्त्रक्रियेच्या तंत्रापेक्षा शस्त्रक्रियेपूर्वी किती कूर्चा शिल्लक होती यावरून अधिक समजतो. फुगीर हाड घासून काढता येते, फाटलेले लॅब्रम वाटीच्या काठाला अँकर (टाका हाडात धरून ठेवणारी छोटी खुंटी) बसवून टाक्याने पुन्हा जोडता येते. गेलेली कूर्चा मात्र परत आणता येत नाही. मरेच्या सांध्यात झीज आधीच पुढे गेलेली होती, आणि झिजलेल्या सांध्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया फार काही देऊ शकत नाही.

फिलिपॉन यांच्याच गटाने २००९ मध्ये ११२ रुग्णांचा किमान दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात खुब्याच्या कार्याचे सरासरी गुण ५८ वरून ८४ वर गेले, पण दहा जणांना सरासरी १६ महिन्यांत पूर्ण सांधा बदलावा लागला. एक्स-रेवर सांध्यातील फट (तिच्यावरून शिल्लक कूर्चेचा अंदाज येतो) दोन मिलिमीटर किंवा जास्त असणे हे चांगल्या निकालाचे एक महत्त्वाचे लक्षण ठरले. त्याच गटाने २०१७ मध्ये दहा वर्षांचे निकाल दिले तेव्हा ३४ टक्के रुग्णांचा सांधा दहा वर्षांच्या आत बदलला गेला होता. त्यातही वय अधिक असणारे आणि फट दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी असणारे रुग्ण आघाडीवर होते. तंत्र तेव्हापासून सुधारले आहे आणि रुग्णांची निवडही अधिक कडक झाली आहे, हे मान्य करूनही हा आकडा विसरण्याजोगा नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. वाटी उथळ असणे हा उलटा दोष आहे आणि तो नीट मोजला गेला पाहिजे. उथळ वाटीच्या रुग्णाचे केवळ लॅब्रम शिवले किंवा काठ घासला तर सांधा सैल पडून अवस्था अधिक बिघडू शकते. तेथे वाटीच कापून तिची दिशा बदलण्याची मोठी शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती पद्धतही बर्नमध्येच विकसित झालेली आहे. नृत्य आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या लवचीक मुलींच्या बाबतीत हा विचार आधी करावा.

शंकेखोर

धागा उत्तम आहे, तरी माझी शंका मूलभूत आहे. वर दिलेल्या दोन्ही ब्रिटिश चाचण्यांत आपली शस्त्रक्रिया झाली की व्यायाम, हे रुग्णांना माहीत होते. भूल, टाके, कुबड्या, सहानुभूती, ‘आता दुरुस्त झाले’ हा विश्वास, या सर्वांचा परिणाम प्रश्नावलीच्या उत्तरांवर होणारच. दहा गुणांच्या फरकातील किती गुण हाड घासल्याचे आणि किती विश्वासाचे, हे कसे ठरवायचे? गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीचा इतिहास डोळ्यांसमोर आहे. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून सांधा धुण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली; २००२ मध्ये अमेरिकेत केवळ त्वचेवर छेद देऊन नाटकी शस्त्रक्रियेशी तुलना केली, तेव्हा दोहोंत फरक आढळला नाही.

शिवाय अमेरिकी सैन्यातील ८० रुग्णांच्या २०१८ मधील चाचणीत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांत फरक दिसला नाही, त्याचा उल्लेख धाग्यात नाही.

पायवाट

सैनिकांच्या चाचणीचा उल्लेख जाणूनबुजून टाळला होता, कारण व्यायामाच्या गटातील ७० टक्के रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यांनी दोन्ही उपचार घेतले त्यांना व्यायामाच्या गटात मोजून फरक नाही म्हणणे फारसे बोधक नाही. त्या चाचणीतून मी वेगळीच गोष्ट लक्षात ठेवते : दोन्ही गटांची सुधारणा झाली, आणि तरीही दोन वर्षांनी एकूण सैनिकांपैकी साधारण एक तृतीयांश सैनिक सेवेसाठी वैद्यकीयदृष्ट्या योग्य राहिले नव्हते. सैनिकालाही शरीराकडून खेळाडूइतकेच काम हवे असते; त्याच्याभोवती खेळाडूचा चमू मात्र नसतो.

विश्वासाच्या परिणामाविषयीची आपली शंका रास्त आहे. तिला सर्वांत जवळचे उत्तर देणारी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नेतृत्व कॅनडातून झाले. २२० रुग्णांपैकी काहींचे हाड घासून आकार दुरुस्त केला आणि काहींच्या सांध्यात दुर्बीण घालून केवळ धुलाई केली. दोन्ही गटांत गरजेनुसार लॅब्रम शिवण्याची मुभा होती. वर्षाअखेर दुखण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पण दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण हाड घासलेल्यांत स्पष्टपणे कमी होते.

शंकेखोर

म्हणजे पहिल्या वर्षाचे समाधान दोघांनाही मिळाले आणि हाडाचा हिशेब पुढे लागला. हे मला पटण्याजोगे वाटते. तरीही ज्याला शस्त्रक्रिया सुचवली आहे त्याला हे कोणी सांगत नाही, हा माझा आक्षेप कायम आहे.

धुक्यातले_गाव

मी नोकरीनिमित्त इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ राहते. खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन मला दोन वर्षांहून अधिक काळ झाला आहे. खेळाडू नसलेल्या रुग्णाचा अनुभव कोणी लिहिलेला दिसला नाही, म्हणून लिहिते.

छिद्रांचे टाके फारसे त्रास देत नाहीत. त्रास होतो तो पाय ताणून धरल्याचा. माथा आणि वाटी यांच्यात दुर्बीण जाण्याइतकी फट पाडण्यासाठी भूल दिल्यावर पाय ओढून धरतात, दोन्ही पायांच्या मध्ये जाड गादी लावलेला खांब असतो. त्यामुळे जननेंद्रियाभोवती काही दिवस बधिरपणा येऊ शकतो, हे मला आधी सांगितले होते म्हणून घाबरले नाही. मांडीच्या बाहेरील बाजूला तळहाताएवढ्या भागात आजही स्पर्श कमी जाणवतो. त्याचा त्रास काही नाही, केवळ जाणीव आहे.

कुबड्या सुमारे महिनाभर होत्या. पायावर अर्धवटच भार द्यायचा, हे ऐकायला सोपे आणि करायला अवघड आहे. घरात जिना असेल तर आधीच विचार करून ठेवावा. स्थिर सायकल फार लवकर सुरू करतात, फक्त तिला रोध लावत नाहीत. माझी खरी कसोटी तिसऱ्या महिन्यात लागली. कुबड्या सुटल्या, लोकांनी विचारणे थांबवले आणि जांघेत समोरून नव्याने दुखू लागले. मांडी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा चिडला आहे, शिवलेले लॅब्रम सुटलेले नाही, हे फिजिओने पटवून देईपर्यंत शस्त्रक्रिया वाया गेली असेच वाटत होते.

आज मी गाडी चालवू शकते, कार्यालयात बसू शकते, तासन्‌तास चालू शकते आणि रात्री कुशीवर झोपू शकते. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. धावते, पण आठवड्यातून एकदा आणि सपाट रस्त्यावर. प्रश्नावलीत मी यशस्वी निघेन. डेन्मार्कच्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर ‘नाही’ असे असेल.

पायवाट

‘धुक्यातले_गाव’ यांनी तिसऱ्या महिन्याबद्दल जे लिहिले ते अनेकांच्या उपयोगी पडेल. पाय ताणण्याचा एकूण वेळ शल्यचिकित्सक शक्यतो दोन तासांच्या आत ठेवतात, तो याच नसांसाठी. सहा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात गंभीर गुंतागुंत ०.५८ टक्के आणि किरकोळ गुंतागुंत ७.५ टक्के होती. किरकोळमध्ये असा तात्पुरता बधिरपणा आणि शस्त्रक्रिया करताना कूर्चेला किंवा लॅब्रमला होणारी इजा प्रामुख्याने येतात. शस्त्रक्रिया सुरक्षित आहे, हे यावरून म्हणता येते; मात्र सुरक्षित असणे आणि उपयोगी पडणे या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

मांडवीकाठ

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि येथे गोव्यात एका अकादमीत आठवड्याचे पाच दिवस फुटबॉल खेळतो. सामन्यानंतर जांघ दुखते म्हणतो. प्रशिक्षकांच्या मते वाढीचे दुखणे आहे. हा कॅम लहानपणी असतो की नंतर तयार होतो?

अस्थिपंजर

वाढीच्या वयात तयार होतो. नेदरलंड्समधील संशोधकांनी अकादमीत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे एक्स-रे काही वर्षांच्या अंतराने काढून हे दाखवले आहे. साधारण बारा-तेरा वर्षांच्या पुढे, वाढीची कूर्चा (जेथून हाड लांबीला वाढते तो थर) खुली असताना, फुगवटा हळूहळू दिसू लागतो आणि ती कूर्चा मिटल्यावर तो फारसा वाढत नाही. बारा वर्षांच्या आधीपासून आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा खेळणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. याचा अर्थ खेळ बंद करावा असा नाही. कॅम असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर तक्रारीविना राहतात, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘वाढीचे दुखणे’ म्हणून थांबू नये. या वयात माथा वाढीच्या कूर्चेवरून घसरण्याचा एक आजार असतो. त्यात दुखणे जांघेत किंवा कधी केवळ गुडघ्यात जाणवते आणि त्याचे निदान निसटले तर सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. दोन्ही खुब्यांचे समोरून आणि बाजूने एक्स-रे याच आठवड्यात काढून घ्या, आणि ते पाहिले जाईपर्यंत त्याला खेळू देऊ नका.

मांडवीकाठ

उद्याच जातो. मनःपूर्वक आभार.

केशरी_पहाट

माझे वय ४७. कथक शिकवते. चक्कर घेताना आणि बैठकीतून उठताना डाव्या खुब्यात कळ येते. एक्स-रेमध्ये ‘सांध्यातील फट किंचित कमी’ असा शेरा आहे. चाळिशीनंतर या शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो असे एकीकडे ऐकले, आणि एका रुग्णालयातून ‘सांधा बदलणे लांबवण्यासाठी हीच वेळ आहे’ असे सांगण्यात आले. कोणाचे ऐकावे?

पायवाट

चाळिशी ही सीमारेषा काटेकोर नाही. चाळीस वर्षांवरील ९० रुग्णांची एक चाचणी बॉस्टनमध्ये झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात, झीज फार नसलेल्या रुग्णांत, वर्षभरानंतर शस्त्रक्रियेचा गट केवळ व्यायामाच्या गटापेक्षा सरस ठरला. तेव्हा वयापेक्षा फट महत्त्वाची आहे. ‘किंचित कमी’ या शब्दांवर निर्णय करू नये. उभे राहून एक्स-रे काढावा आणि फट मिलिमीटरमध्ये मोजून लिहून मागावी.

‘सांधा बदलणे लांबते’ या दाव्याबद्दल मी अधिक सावध आहे. या शस्त्रक्रियेने झीज रोखली जाते असे कोणत्याही मोठ्या चाचणीने अद्याप ठामपणे दाखवलेले नाही. दुखणे कमी व्हावे यासाठी ती करावी. भविष्यातील सांधेरोपण टळावे एवढ्याच कारणासाठी करू नये. फट दोन मिलिमीटरच्या आसपास असेल, तर व्यायाम, वजन, शिकवण्याच्या पद्धतीत बदल आणि गरज पडल्यास योग्य वेळी सांधेरोपण, हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. दोन मोठ्या शस्त्रक्रिया अल्पावधीत सोसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

अस्थिपंजर

त्यात एक भर. आपल्याकडे खुबा दुखण्यामागे माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होणे, म्हणजे ज्याला सगळे एव्हीएन म्हणतात ते, आणि क्षयरोग ही कारणे युरोप-अमेरिकेपेक्षा अधिक वेळा लक्षात घ्यावी लागतात. कोविडच्या काळात स्टेरॉइड घेतलेल्यांत एव्हीएनचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवले होते. पाश्चात्त्य चाचण्यांतील रुग्ण ही कारणे वगळून निवडलेले असतात. त्यामुळे त्यांचे निकाल स्वतःला लावण्यापूर्वी आपले निदान तेच आहे ना, याची खात्री हवी.

सांजवारा

इंजेक्शनची तपासणी झाली. दुखणे चार-पाच तास जवळजवळ पूर्ण थांबले. फट चांगली आहे, वाटी उथळ नाही. व्यायाम सुरू केला आहे आणि तीन महिन्यांनी निर्णय घेईन. शस्त्रक्रिया करायची ठरलीच, तर शल्यचिकित्सकांना काय विचारावे? आणि एक घरगुती प्रश्न : नंतर मांडी घालून बसता येते का? आमच्याकडे पंगत अजून जमिनीवरच बसते.

अस्थिपंजर

ते अशा शस्त्रक्रिया वर्षाकाठी किती करतात, हे संकोच न करता विचारा. हे तंत्र शिकायला कठीण आहे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे सर्वांत मोठे कारण पहिल्या वेळी फुगवटा अपुरा घासला जाणे हे असते. सांध्याचे आवरण शेवटी शिवणार का, अँकर किती लागण्याची शक्यता आहे, हेही विचारा. अँकरच्या प्रश्नाचे उत्तर बिलातही दिसते. कूर्चेत मोठा खड्डा आढळल्यास काय करणार, हे आधी ठरवून घ्या, कारण तेथे हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडली तर कुबड्या चार आठवड्यांऐवजी सहा ते आठ आठवडे राहू शकतात.

पायवाट

मांडी घालताना खुबा बाहेर वळतो आणि कॅमची अडचण प्रामुख्याने आत वळताना होते, त्यामुळे बहुतेकांना पुढे मांडी घालता येते. मात्र सांध्याचे आवरण समोरून शिवलेले असल्यास पाय बाहेर वळवण्यावर पहिले काही आठवडे बंधन असते, आणि मांडी घालणे साधारण तीन महिन्यांनंतर, फिजिओने तपासूनच सुरू करावे. उकिडवे बसणे त्याहून उशिरा येते आणि काहींना ते पुढेही टाळावेच लागते. धावणे बहुधा तीन ते चार महिन्यांनी, पायऱ्यापायऱ्यांनी सुरू होते. शर्यतीची नोंदणी त्यापूर्वी करू नये. पंगतीत सुरुवातीला पाटावर उशी घेऊन किंवा सरळ खुर्चीत बसावे.